नव्या एसयूव्हीला काय लावायचं, कितीला लावायचं

गाडी ठरली, बुकिंग झालं, की डिलिव्हरीच्या आठवडाभर आधी शोरूममधून फोन येतो. "ॲक्सेसरीजचं काय करायचं?" पाठोपाठ यादी येते: सीट कव्हर, मॅट, मड फ्लॅप, डोअर व्हायझर, क्रोमच्या पट्ट्या, बॉडी कव्हर, टेफ्लॉन, अंडरबॉडी कोटिंग. बेरीज वीस हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत कुठेही जाते. दहा-बारा लाख जातच असतात, घरात आनंद असतो, त्यात हे तीस हजार कुणाला जाणवत नाहीत आणि सही होऊन जाते. ती सही त्या दिवशी करू नका. चार मीटरच्या आतल्या या गाड्यांना लावण्यासारख्या फार चांगल्या वस्तू आहेत, काही तर थेट जीव वाचवणाऱ्या आहेत. पण त्या सहसा या यादीत नसतात.

डिलिव्हरीच्या दिवशी मॅट आणि मड फ्लॅप घ्या, हवं तर डोअर व्हायझर. बाकी सगळ्यासाठी एक पावसाळा जाऊ द्या. रात्रीच्या घाटात किती दिसतं, मागे बसणाऱ्यांची काय तक्रार असते, डिकीत काय काय जातं, हे चार महिन्यांत गाडी स्वतःच सांगते. "पॅकेज घेतलं नाही तर गाडी उशिरा मिळेल" असं कुणी सुचवलं, तर ते लेखी मागा. एक वस्तू विकताना दुसरी घेण्याची अट घालणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार निर्बंधात्मक व्यापारी प्रथा ठरते आणि त्याची तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. बहुतेक वेळा "लेखी द्या" एवढं म्हटलं तरी विषय मिटतो.

पुढचे भाव ढोबळ आहेत, मुंबई-पुण्यात साधारण मिळतात ते. कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाउस किंवा पुण्यातली नाना पेठ इथे फिरलात तर शोरूमच्या भावात आणि बाजारभावात किती अंतर आहे ते कळेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायर आणि गाडीच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. खोक्यावर जुनी छापील किंमत दिसली तर घासाघीस करायला हा मुद्दा हाताशी ठेवा.

पायाखालचं आणि पाठीमागचं

मॅटमध्ये सर्वांत जास्त खप "सेव्हन-डी" म्हणून विकल्या जाणाऱ्या जाड, शिलाईच्या मॅटचा असतो. चार ते सहा हजार रुपये. दिसायला देखण्या, पण आपल्या पावसाला त्या योग्य नाहीत असं माझं ठाम मत आहे. ओल्या चपलांचं पाणी शिलाईतून खाली उतरतं, गालिच्यात मुरतं आणि महिनाभरात गाडीला कुबट वास धरतो. त्यापेक्षा उंच कडेच्या, गाडीच्या मापाच्या रबरी मॅट घ्या. दीड ते तीन हजारांत येतात आणि नळाखाली धुता येतात. ड्रायव्हरच्या बाजूची मॅट खालच्या हुकात अडकलीच पाहिजे आणि एका मॅटवर दुसरी कधीही टाकायची नाही. सरकलेली मॅट ॲक्सिलरेटरखाली अडकली तर पाय उचलला तरी गाडी पळत राहते.

सीट कव्हर पाच ते दहा हजारांपर्यंत. इथे रंगाआधी एकच प्रश्न विचारा: सीटमधून उघडणाऱ्या एअरबॅगचं काय? आता बऱ्याच गाड्यांत सहा एअरबॅग येतात आणि त्यांतल्या बाजूच्या दोन सहसा पुढच्या सीटच्या बाहेरच्या कडेत असतात. तिथे "एअरबॅग" असं छोटं लेबल शिवलेलं असतं. जाड कव्हर त्यावर घट्ट चढवलं, तर ऐन धडकेत एअरबॅग उशिरा किंवा चुकीच्या दिशेने उघडू शकते. कव्हर घ्यायचंच असेल तर त्या जागी मोकळं असलेलं किंवा तिथे मुद्दाम कमकुवत शिलाई दिलेलं घ्या. दुकानदाराला यातला फरक सांगता आला नाही, तर दुसरं दुकान बघा.

अंडरबॉडी कोटिंगचं उत्तर तुम्ही कुठे राहता यावर आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अलिबाग, गोवा, म्हणजे जिथे खारं वारं आणि चार महिने चिखल, तिथे चार-सहा हजार खर्च करा; फक्त दारांच्या आणि चासीच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजली नाहीत ना, ते गाडी लिफ्टवर असतानाच पाहा. नाशिक, नागपूर, सोलापूरकरांना त्याची घाई नाही. टेफ्लॉन मला कुठेच गरजेचं वाटत नाही. सिरॅमिक कोटिंग पंधरा ते तीस हजार, पूर्ण गाडीला पारदर्शक संरक्षक फिल्म सत्तर हजार ते दीड लाख. गाडी आठ-दहा वर्षं ठेवणार असाल आणि बाकी सगळं आवश्यक घेऊन झालं असेल, तरच त्याचा विचार करावा.

उजेड

ज्या एका गोष्टीवर पैसे खर्च करायला मी आग्रहाने सांगेन, ती ही. खालच्या व्हेरिएंटमध्ये अजूनही हॅलोजन बल्ब येतात आणि आंबोली, ताम्हिणी किंवा माळशेजमध्ये जुलैच्या संध्याकाळी त्यांचा उजेड पुरत नाही. मग लोक दीड हजाराची एलईडी बल्बची जोडी आणून त्याच हॅलोजनच्या दिव्यात बसवतात. दिव्यामागचा आरसा हॅलोजनच्या बारीक तारेच्या जागेनुसार घडवलेला असतो. एलईडीचा उजेड वेगळ्या जागेवरून, वेगळ्या आकारात निघतो आणि आरसा तो सगळीकडे उधळतो. गाडीच्या नाकासमोर लख्ख दिसतं म्हणून मालक खूश होतो, पण लांबचा रस्ता पूर्वीपेक्षा कमी दिसतो आणि समोरचा दुचाकीवाला आंधळा होतो. आपल्या रस्त्यांवरचा रात्रीचा त्रास मोठ्या प्रमाणात यातूनच आला आहे.

आधी फुकटातलं करा. डॅशबोर्डवर उजवीकडे ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते, ती दिव्यांचा झोत वर-खाली करण्यासाठी. मागे माणसं आणि डिकीत सामान असेल तर गाडीचं नाक वर होतं, झोत झाडांवर जातो. तेव्हा आकडा वाढवायचा. कित्येक वर्षं गाडी चालवणाऱ्यांनीही तिला हात लावलेला नसतो. नंतर सर्व्हिस सेंटरमध्ये दिव्यांचा फोकस तपासून घ्या, काही शेकड्यांचं काम आहे. त्यानेही भागलं नाही तर त्याच वॅटचे, म्हणजे एच-४ असेल तर ६०/५५ वॅटचे, नामांकित कंपनीचे जास्त उजेडाचे हॅलोजन बल्ब: जोडी दीड ते अडीच हजार. १०० वॅटचे बल्ब घेऊ नका. बारा व्होल्टला ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर ओढतो, १०० वॅटचा आठाच्या वर. मूळ वायर आणि होल्डर त्यासाठी बनलेले नसतात, ते वितळतात.

आणि मग फॉग लॅम्प. तुमच्या मॉडेलला ते वरच्या व्हेरिएंटमध्ये येत असतील, तर बंपरमध्ये जागा तयारच असते. कंपनीचा पूर्ण संच, म्हणजे दिवे, वायरिंग, रिले आणि स्विच, पाच ते नऊ हजारांत बसतो. धुक्यात हेडलाइटचा झोत समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून परत डोळ्यांत येतो. फॉग लॅम्प खाली असतो आणि रुंद, चपटा झोत धुक्याच्या खालून रस्त्याच्या कडेवर टाकतो. पिवळा प्रकाश डोळ्याला कमी टोचतो हे खरं, पण मुख्य काम दिव्याची जागा आणि झोताचा आकार करतो.

लहान मूल असेल तर

यादीत हे कधीच नसतं, म्हणून वेगळं लिहितो. मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसणं हा आपल्याकडचा सर्वांत धोकादायक प्रेमळ प्रकार आहे. एअरबॅग उघडली की मूल आणि आई यांच्यामध्ये ती येत नाही, ती थेट मुलावर येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा चाइल्ड सीटमध्ये सुरक्षित बसवलेलं नसेल तर हजार रुपये दंड आहे, पण दंडासाठी ही सीट घ्यायची नसते. मागच्या सीटच्या फटीत चाइल्ड सीट अडकवायच्या, आयसोफिक्सच्या दोन धातूच्या कड्या आहेत का पाहा. हल्लीच्या बहुतेक कॉम्पॅक्ट एसयूव्हींत असतात. आयसोफिक्सची चांगली चाइल्ड सीट दहा ते पंचवीस हजारांना मिळते. तिच्यावर आर-४४ किंवा आर-१२९ या मानकाची नारिंगी चिठ्ठी असावी. तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून, मागच्या सीटवर. सनरूफच्या व्हेरिएंटसाठी लाखभर जास्त मोजणाऱ्या घरातसुद्धा ही सीट नसते, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

याच्या उलट टोकाची वस्तू म्हणजे बेल्टचा आवाज बंद करणारी खोटी क्लिप. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, ते मागच्या सीटवर बेल्टशिवाय होते. त्यानंतरच्या वर्षी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन बाजारांना या क्लिप काढायला लावल्या आणि १३,११८ जाहिराती हटवल्या गेल्या. दुकानात अजून कुणी दाखवली तर घेऊ नका.

टायर, पंप आणि कॅमेरा

टायर मोठे केले की गाडी रुबाबदार दिसते, पण हिशेब आधी करावा. मूळ टायर १९५/६०-आर१६ असेल तर चाकाचा व्यास सुमारे ६४० मिलिमीटर. २०५/६० घातला तर ६५२, म्हणजे जेमतेम दोन टक्के वाढ, चालेल. २१५/६० घातला तर ६६४, पावणेचार टक्के. मीटरवर ८० दिसताना चाक पूर्वीच्या ८३ इतकं पुढे जातं, स्टिअरिंग जड होतं, मायलेज उतरतं. तीन टक्क्यांच्या आत राहा, किंवा त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने जे माप दिलं आहे तेच रिमसकट घ्या. या मापाचा एक चांगला टायर सात ते साडेनऊ हजार. बाजूवरचे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. अलॉय व्हीलचा सेट वीस ते पस्तीस हजार. स्वस्तातलं अलॉय खड्ड्यात तडकतं, तिथे लोखंडी रिम वाकते आणि ठोकून सरळ होते. खराब रस्त्यांवर रोज जाणाऱ्याने लोखंडी रिमच ठेवावी.

हवा भरायचा छोटा पंप दोन ते साडेतीन हजार. ट्यूबलेस टायरला खिळा लागला तर हवा हळूहळू जाते आणि पंपाच्या जोरावर पुढचं गॅरेज गाठता येतं. रात्री कुटुंबासोबत असाल तर याची किंमत कळते.

डॅशकॅम आता चैन राहिलेली नाही. फक्त पुढचा तीन ते पाच हजार, पुढे-मागे दोन्ही सहा ते बारा हजार. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात बंद गाडीची काच तापते, लिथियम बॅटरीचा कॅमेरा फुगतो. म्हणून सुपरकपॅसिटर असलेला घ्या. मेमरी कार्ड "हाय एन्ड्युरन्स" लिहिलेलं, नाहीतर सहा महिन्यांत दगावतं आणि ते अपघातानंतरच लक्षात येतं.

याला नकार द्या

बुल बार, क्रॅश गार्ड. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं की हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, पुढचा पत्रा चुरगळून धडक शोषण्यासाठी बनवलेला असतो. लोखंडी नळ्या तो धक्का थेट चासीत पोचवतात आणि पादचाऱ्याला जास्त इजा करतात. वाजत-गाजत सूर बदलणारा हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ११९ ने बंद आहे. मूळ हॉर्न फारच पिचका असेल तर रिलेसकट दुहेरी विंडटोन हॉर्न हजार-पंधराशेत बसवा. बेकायदा फेरफाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

काचेच्या फिल्मचा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली. त्याच नियमावलीतल्या नियम १०० नुसार पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने या मर्यादेतली फिल्म चालते असा निर्णय दिला, तरी आपल्या चौकातला हवालदार तो मान्य करेलच असं नाही. शिवाय गणित पाहा: पुढची काच मुळात ८० टक्के प्रकाश सोडते आणि फिल्म ८५ टक्क्यांची, तर हाती येतात ६८, म्हणजे नियम मोडलाच. दुपारी उभ्या गाडीच्या पुढच्या काचेला आतून लावायचा चकचकीत पडदा तीन-चारशे रुपयांत मिळतो, तो आधी वापरून बघा.

वायर आणि बिल

काहीही विजेवर चालणारं बसवताना वायरमनला सांगा: मूळ वायर कापायची नाही, सोलायची नाही, कपलरला कपलर जोडायचा, आणि वीज फ्यूज बॉक्समधून स्वतंत्र फ्यूजसह घ्यायची. कापलेल्या वायरीमुळे वॉरंटी नाकारली जाते, शॉर्टसर्किट झालं तर विम्याच्या दाव्यातही अडचण येते. काम चालू असताना तिथे थांबा.

कंपनीने गाडीसोबत न दिलेल्या वस्तू विम्यात आपोआप येत नाहीत. स्टिरिओ, फॉग लॅम्प, कॅमेरा अशा विजेच्या वस्तूंना त्यांच्या किमतीच्या चार टक्के जादा हप्ता लागतो, म्हणजे वीस हजारांच्या सामानाला आठशे रुपये अधिक जीएसटी. त्यासाठी जीएसटीचं पक्कं बिल हवं आणि त्यावर गाडीचा नंबर लिहून घ्यायला हवा. कच्च्या चिठ्ठीवर पाचशे रुपये वाचतात, पण गाडी फोडून स्टिरिओ गेला तर त्या चिठ्ठीवर काही मिळत नाही. बसवलेल्या वस्तूंचे फोटो आणि बिलं विमा कंपनीला ईमेलने पाठवा आणि एन्डॉर्समेंटची, म्हणजे पॉलिसीत केलेल्या नोंदीची, प्रत हातात आल्यावर तिच्यात प्रत्येक वस्तूचं नाव आणि रक्कम आहे का ते वाचून पाहा.