ध्वनिमुद्रित अभंग : लय, पट्टी आणि भाव

सुरतेत उधना-लिंबायत परिसरात खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची भजनी मंडळे आहेत. त्यांतील बहुतेक मंडळी अभंग शिकली ती कॅसेटवरून, पुढे सीडीवरून आणि आता मोबाईलवरून. कान-नाक-घशाचा डॉक्टर या नात्याने आषाढी किंवा गणेशोत्सव आटोपल्यावर बसलेला आवाज घेऊन येणाऱ्या अशा गायकांना मी नेमाने तपासतो. कोणत्या पट्टीत गाता, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : “मूळ गाण्याच्याच.” ध्वनिमुद्रिकेतले हे ‘मूळ’ कितपत मूळ असते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम लय. आम्हा वैद्यकीय मंडळींना गंमत वाटावी अशी एक गोष्ट युरोपीय संगीताच्या बरोक कालखंडात सापडते. जर्मन बासरीवादक योहान योआखिम क्वान्ट्स याने १७५२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लय मोजण्यासाठी निरोगी माणसाची नाडी प्रमाण मानली, मिनिटाला सुमारे ८० ठोके. सामान्य चौमात्री तालात अतिजलद रचनेत एका ठोक्याला दोन मात्रा, मध्यम रचनेत एक, संथ गेय रचनेत अर्धी. आणि अतिसंथ रचनेत त्या अर्ध्या मात्रेला दोन ठोके. नाडी कोणाची, तर आनंदी पण थोड्या तापट माणसाची, आणि तीही दुपारच्या जेवणापासून संध्याकाळपर्यंतच्या वेळेतली! (आपल्याकडे ही वेळ वामकुक्षीची; नाडी ८० कुठली भरणार?)

असे माप हाताशी असूनही एकमत झाले नाही. बाखने १७२७ साली लाइपझिगच्या चर्चसाठी सादर केलेल्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’चे आरंभीचे समूहगान ऑटो क्लेम्परर यांच्या १९६०-६१ च्या ध्वनिमुद्रणात बारा मिनिटांच्या जवळ जाते; जॉन एलियट गार्डिनर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या मुद्रणात ते सात मिनिटांच्या आसपास आटोपते. स्वरलिपी एकच. पहिल्यात शोकाचे ओझे जाणवते, दुसऱ्यात वेदनेने अस्वस्थ झालेला जमाव चालताना दिसतो. माझा कल दुसऱ्याकडे आहे. शब्दांचा श्वास तिथे तुटत नाही.

अभंगाला हीच कसोटी लावता येते. मोठ्या अभंगाचे चरण सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे. लय फार उतरली की चरणाच्या मध्येच श्वास घ्यावा लागतो आणि शब्द दुभंगतो. वारकरी भजनात मात्र लय स्थिर नसतेच. संथपणे उचललेला अभंग टाळ-मृदंगाच्या साथीने चढत जातो आणि शेवटी नामाच्या गजरात विरतो. ही चढण ७८ फेऱ्यांच्या तबकडीत मावणे अशक्य होते, कारण दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. ‘संत कान्होपात्रा’ (१९३१) या नाटकातील मास्टर कृष्णरावांच्या चालींचे अभंग बालगंधर्व रंगभूमीवर रसिकांच्या ‘वन्स मोअर’नुसार खुलवीत, फुलवीत, तबकडीवर त्यांचा अर्क तेवढा उरला. पुढे दीर्घ-मुद्रिका आल्या, एका बाजूला वीसएक मिनिटे मिळू लागली, आणि पं. भीमसेन जोशींच्या अभंगगायनातील आलापीला श्रोत्याच्या घरात जागा झाली. तेव्हा जुन्या गाण्याचा लगबगीचा भाव संतांचा, गायकाचा की तबकडीचा, हे विचारूनच ऐकावे.

पट्टीचे प्रकरण याहून नाजूक आहे. पाश्चात्त्यांत ‘ए’ हा स्वर आज ४४० कंपनांचा मानतात. बरोक संगीत जुन्या वाद्यांवर वाजविणारे बहुधा ४१५ घेतात, म्हणजे जवळपास अर्धा स्वर खाली. मॅथेसन या लेखकाने १७१३ साली सतरा स्वरपट्ट्यांचे स्वभाव वर्णिले होते. परंतु बाखच्या लाइपझिगमध्ये ऑर्गन इतर वाद्यांहून पूर्ण एक स्वर चढा असे, आणि म्हणून त्याचे लेखन एक स्वर उतरवून करावे लागे. एकाच गीतात ऑर्गनवाल्याच्या कागदावर एक पट्टी, व्हायोलिनवाल्याच्या कागदावर दुसरी! मग भाव कोणत्या पट्टीचा?

आपल्याकडे हा पेच नाही. षड्ज हलतो, रागातील स्वरांतरे तीच राहतात. भैरवी काळी एकमध्येही भैरवीच. पट्टी ठरते ती गळ्यावरून. तरी चढ्या पट्टीतला अभंग अधिक आर्त वाटतो, कारण स्वरतंतूंवरील ताण श्रोत्याच्या कानाला कळतो. ध्वनिवर्धक नसताना दिंडीत टाळ-मृदंगावरून आवाज पोचविण्यासाठी वरची पट्टी ही गरजच होती. सभागृहात मायक्रोफोनपुढे ती गरज उरत नाही.

यंत्राचा दोष लय आणि पट्टी दोन्हींना एकदम बाधतो. ७८ फेऱ्यांची तबकडी ७३.६ फेऱ्यांनी फिरली की षड्ज बरोबर अर्धा स्वर उतरतो आणि तीन मिनिटांचे गाणे सुमारे तीन मिनिटे अकरा सेकंद चालते. फेरे ८२.६ झाले तर काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. कॅसेटची मोटर असाच घोळ करी. अशा प्रतीवरून संगणकीय प्रत झाली की चूक कायम होते, आणि पन्नाशीचा गृहस्थ त्या चढ्या षड्जाशी गळा जुळवीत बसतो.

मंडळांना मी पुढील क्रम सुचवितो. ध्वनिमुद्रिकेतील षड्ज पेटीवर शोधावा. तो दोन पट्ट्यांच्या मध्ये पडला तर वेगाची शंका घ्यावी. अर्थात जुन्या पेट्या आजच्या प्रमाणाशी जुळलेल्या असतच असे नाही, म्हणून त्याच गायकाची दुसरी दोन मुद्रणे ताडून पाहावीत. लय मनगटावर बोट ठेवून नव्हे, घड्याळ लावून मोजावी. गाताना नाडी वाढलेली असते. चाल शिकून झाली की मुद्रिका बंद करावी आणि अभंगातील सर्वांत वरचा स्वर न ओढता लागेल असा स्वतःचा षड्ज धरावा. पुरुषांना साधारणपणे काळी एकच्या आसपास, स्त्रियांना काळी चार-पाचच्या आसपास सोयीचे पडते. स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या मंडळात कोणा एकाचा गळा भरडला जातोच. तेथे दोन-तीन अभंगांनंतर पट्टी बदलावी, उरलेल्यांनी तोवर टाळ धरावेत. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर मात्र गुळण्यांवर न विसंबता स्वरयंत्र तपासून घ्यावे.