बाळाची आकडी ओळखायला शिकूया



बाळ झोपेत हसलं की आपण म्हणतो, सटवाई हसवतेय. ते कौतुकाचंच. पण जन्मल्यावर लगेच न रडलेल्या बाळाकडे पहिले दोन-तीन दिवस डोळ्यात तेल घालून बघायला हवं.

असं का? बाळंतपण अडलं किंवा नाळ दाबली गेली, तर बाळाच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो. दुखावलेला मेंदू चुकीचे संदेश सोडतो आणि आकडी येते. ती बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन दिवसांतच येते. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाताई घरी येतात तिसऱ्या दिवशी! म्हणून नॉर्मल बाळंतपण झालं तरी ४८ तास दवाखान्यातच थांबा.

खुणा (मोठ्या माणसासारखी आकडी दिसत नाही)
१. नजर एकाच बाजूला खिळते, पापण्या फडफडतात.
२. तोंडात काही नसताना बाळ चघळल्यासारखं करतं.
३. पाय सायकल चालवल्यासारखे हलतात.
४. हात किंवा पाय ठेक्यात झटके देतो.
५. श्वास थांबतो, ओठ निळे पडतात.

हात थरथरतोय? हलकेच धरा. थांबला तर ती बहुधा नुसती थरथर. तरी नर्सताईंना सांगा, कारण साखर कमी झाल्यानेही थरथर होते. धरूनही झटके लागत राहिले तर आकडी समजा.

काय करायचं?
दवाखान्यात असाल तर लगेच नर्सताईंना बोलवा. घरी असाल तर १०८ ला फोन करा. बाळाला कुशीवर वळवा, उबदार गुंडाळा. दूध, पाणी, घुटी काही पाजू नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात आणि अंगाऱ्यात वेळ जातो.

डॉक्टर आधी श्वास आणि रक्तातली साखर बघतात. मग शिरेतून फेनोबार्बिटोन हे औषध देतात. त्याने बऱ्याच बाळांची आकडी थांबते, पण मेंदूची इजा भरून निघत नाही. म्हणून घरी आल्यावरही नजर, ऐकणं, मान धरणं यांची तपासणी चुकवू नका. औषध आपल्या मनाने बंद करू नका.

पैशासाठी थांबू नका. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात आजारी नवजात बाळांसाठी विशेष कक्ष आहे. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातले बाळाचे उपचार, औषधं आणि गाडी मोफत आहे.

पुढच्या बैठकीत बोलूया
आपल्या गटात कोण गरोदर आहे? तिच्या सासूबाईंना या पाच खुणा कोण सांगणार?