पॅनवरचं गेज मागवताना

पोरा, साखर कारखान्याचा हंगाम संपला की स्टोअरला गेजची मागणी द्यायचं काम तुझ्याकडे येईल. ‘जुनं होतं तसंच द्या’ असं लिहून मोकळा होऊ नकोस. त्या जागी रोज किती दाब असतो, ते आधी लॉगबुकात बघ. काटा डायलच्या मधल्या भागात राहायला हवा. ८ किलोच्या लाइनला १० चं गेज लावलं की काटा सदा वर ताणलेला. तिथं ० ते १६ चं घे. उगाच ५० चं आणलंस, तर अर्ध्या किलोचा फरक डोळ्याला दिसायचाच नाही.

साखर शिजवायच्या पॅनच्या व्हॅक्यूमचं मात्र नीट ऐक, कारण इथं शिकलेली माणसंही चुकतात. पुस्तकातला २६ इंच व्हॅक्यूम समुद्रकाठचा. तिथं हवेचा दाब ७६० मिलिमीटर. आपला बिद्रीचा कारखाना साधारण ५५० मीटर उंचीवर, म्हणून इथं तो ७१० च्या आसपास. गेज मोजतं ते बाहेरच्या हवेपेक्षा किती कमी, तेवढंच. म्हणून तिथले २६ ते आपले २४. दोन्हीकडे आत उरतात १०० मिलिमीटर, पाणी उकळतं ५२ अंशांना आणि मॅसेक्विट, म्हणजे पॅनमधला दाट माल, त्याहून दहा-बारा अंश गरम. इथं हट्टानं २६ ओढलंस तर माल थंड पडतो, घट्ट होतो, फिरत नाही आणि फॉल्स ग्रेन, म्हणजे नको असलेला बारीक दाणा, उठतो. मग पॅनमनला बोल लावू नकोस. अॅब्सोल्यूट दाब दाखवणारं गेज मिळालं तर पॅनला तेच लाव. ही भानगडच मिटते.

इव्हॅपोरेटरच्या दुसऱ्या बॉडीवर कधी दाब, कधी व्हॅक्यूम; तिथं कंपाउंड गेज. भट्टीचा ड्राफ्ट पाण्याच्या मिलिमीटरांत बघायचा, पाऱ्याच्या गेजवर काटा हलणारसुद्धा नाही. पाऱ्याचा १ इंच म्हणजे पाण्याचे साडेतेरा.

वाफेच्या गेजाखाली सायफन हवाच, आणि चालू करण्याआधी त्यात पाणी भर. सिरपला डायफ्रॅमवालं गेज, नाहीतर नळी साखरेनं बुजते. पंपावर ग्लिसरीनचं. प्रत्येक गेजाखाली हवा सोडायचा कॉक माग. तो उघडल्यावर काटा शून्यावर (अॅब्सोल्यूट गेज असेल तर बाहेरच्या हवेच्या दाबावर) आला नाही, तर ते गेज त्याच दिवशी उतरव.