लिनक्स लॅपटॉपवर रेकॉर्डिंग तुटतंय? आधी दोष ओळखा

जळगाव-धुळ्याकडे अहिराणी गाणी, दुकानांच्या जाहिराती रेकॉर्ड करून द्यायचा छोटा स्टुडिओ टाकताय? मग आवाज बिघडला की लगेच नवा लॅपटॉप घेऊ नका. दोष दोन प्रकारचे असतात.

१) मध्येच 'कट्-कट्' येतं, आवाज गायब होतो: लॅपटॉपला वेळेत काम उरकत नाहीये. आर्डरमध्ये बफर २५६ वरून १०२४ करा. ४८,००० सॅम्पल रेटला त्याला ५ ऐवजी २१ मिलिसेकंद मिळतात. पण हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतो, म्हणून गायकासाठी इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर चालू ठेवा. पॉवर मोड 'परफॉर्मन्स' करा, वायफाय बंद करा. इंटरफेस हबमध्ये नको, थेट लॅपटॉपला जोडा.

२) वरच्या सुरात आवाज फाटतो, इंटरफेसवर लाल दिवा लागतो: हा ओव्हरलोड. इथे बफर वाढवून उपयोग नाही. गेन कमी करा. सगळ्यात मोठा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा.

फाटलेला टेक नंतर धड दुरुस्त होत नाही. गायकाला परत बोलवायचं म्हणजे त्याचं भाडं आणि तुमचा दिवस, दोन्ही गेले. म्हणून पार्टी येण्याआधी दहा मिनिटं ट्रायल टेक घ्याच!