लॉगिन शेल आणि नॉन-लॉगिन शेल

संगणक कक्षात उबुंटूवर टर्मिनल उघडले की आपल्या आज्ञा ऐकणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. उबुंटूचा नेहमीचा शेल 'बॅश'. तो ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिला व १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला.

हा बॅश दोन प्रकारे सुरू होतो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून येणाऱ्या काळ्या पडद्यावर नाव व पासवर्ड दिला, किंवा एसएसएचने दुसऱ्या संगणकात शिरलो, की मिळतो तो लॉगिन शेल. डेस्कटॉपवर टर्मिनलची खिडकी उघडली की मिळतो तो नॉन-लॉगिन शेल.

सुट्टी संपवून चंडीगड स्टेशनवरून शाळेत आलो की गेटवर नोंद आणि किट तपासणी होते, ती एकदाच. पीटीचा फॉल-इन मात्र रोज. तिथे कोणी पेटी उघडायला लावत नाही, फक्त हजेरी होते. लॉगिन शेल म्हणजे गेट, नॉन-लॉगिन शेल म्हणजे फॉल-इन.

दोघांच्या फाइली वेगळ्या आहेत. लॉगिन शेल आधी सर्वांसाठीची 'प्रोफाइल' फाइल वाचतो. मग आपल्या होम फोल्डरमध्ये डॉट बॅश_प्रोफाइल, डॉट बॅश_लॉगिन आणि डॉट प्रोफाइल या क्रमाने शोधतो व पहिली सापडेल तेवढीच वाचतो. नॉन-लॉगिन शेल डॉट बॅशआरसी वाचतो.

मग काय कुठे लिहायचे? 'पाथ'सारखे एक्स्पोर्ट केलेले व्हेरिएबल पुढे सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला वारशाने मिळते. डेस्कटॉपवर लॉगिन होतानाही उबुंटू डॉट प्रोफाइल वाचतो, म्हणून ते तिथे एकदा लिहिले की पुरते. एलियस, म्हणजे आज्ञेचे टोपणनाव, वारशाने जात नाही. ते डॉट बॅशआरसीमध्येच हवे.

हा फरक महत्त्वाचा आहे. 'आरएम' ही आज्ञा फाइल कायमची पुसते, ती कचरापेटीतही सापडत नाही. म्हणून अनेक जण 'आरएम' लिहिले की 'आरएम -आय' चालेल, म्हणजे पुसण्याआधी विचारले जाईल, असा एलियस करतात. तो फक्त डॉट प्रोफाइलमध्ये लिहिला, तर काळ्या पडद्यावर प्रश्न येईल, पण खिडकीत एका एंटरसरशी विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प जाईल!

आणखी एक सापळा. उबुंटूची डॉट प्रोफाइल स्वतःच डॉट बॅशआरसीला बोलावते. आपण नवी डॉट बॅश_प्रोफाइल तयार केली, तर लॉगिन शेल डॉट प्रोफाइल वाचणारच नाही. म्हणून नवी फाइल करू नका, आहे तीच वापरा.

करून पाहा:
१. 'इको', मग जागा सोडून डॉलरचे चिन्ह व शून्य टाइप करा. उत्तरात 'बॅश'च्या आधी उणे चिन्ह आले, तर तो लॉगिन शेल.
२. बदल करण्याआधी फाइलची प्रत ठेवा.
३. डॉट बॅशआरसी बदलल्यावर नवी खिडकी उघडा; डॉट प्रोफाइल बदलल्यावर लॉगआउट करून पुन्हा आत या.
४. नवी खिडकी नीट चालेपर्यंत जुनी बंद करू नका.

– एक कॅडेट, इयत्ता १० वी