काला अंबहून पेट स्कॅनला निघताना

‘पेट-सीटी सांगितलाय. एकीकडे अकरा हजार म्हणतात, दुसरीकडे बावीस. फरक कशाचा?’ पानिपत, कर्नाल, सोनीपत या पट्ट्यातल्या मराठी घरांत कर्करोग आला की हा प्रश्न हमखास येतो. इथे मराठी माणूस फक्त १४ जानेवारीला, पानिपतच्या लढाईच्या स्मरणदिनी, काला अंबच्या स्तंभापुढे डोकं टेकवायला येतो असं नाही. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली कुटुंबं उत्तरेतल्या शहराशहरांत पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळतात, आणि नोकरीपायी आलेलेही पुष्कळ. त्यांच्यासाठी हा हिशेब.

आधी आकडे. पूर्ण शरीराचा साधा, म्हणजे एफडीजी पेट-सीटी खासगी केंद्रांत साधारण १०,००० ते २५,००० रुपयांत होतो. प्रोस्टेटसाठीचा पीएसएमए किंवा न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठीचा डोटा स्कॅन महाग, १५,००० ते ३०,००० धरून चाला. सरकारी संस्थांत दर बरेच कमी, पण तारीख लांबची. पानिपतहून दिल्लीला जाऊन-येऊन टॅक्सी, वाट बघण्याच्या तासांसकट, तीन-चार हजारांच्या घरात जाते. सीटीसाठी शिरेतून रंगद्रव्य देणार असतील तर क्रिएटिनिनची रक्ततपासणी आधी करून घ्या. ती दोन-तीनशे रुपयांत होते आणि पानिपतमध्येच होते.

आता फरक कशाचा ते. निम्मं उत्तर औषधात आहे. एफडीजी म्हणजे फ्लोरिन-१८ जोडलेली साखर. कर्कपेशी साखर हावरटासारखी ओढतात, म्हणून त्या चमकतात. पण फ्लोरिन-१८ चा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. फ्लोरिन-१८ ज्या यंत्रात बनतं त्या सायक्लोट्रॉनमधून निघालेला डोस बर्फाच्या लादीसारखा वाटेतच झिजत येतो: दोन तासांत निम्म्याहून कमी, चार तासांत जेमतेम पाव. म्हणून सायक्लोट्रॉनजवळच्या केंद्राला डोस स्वस्त पडतो आणि लांबच्याला जास्त मागवावा लागतो. छोट्या केंद्रांत ठरावीक वारीच स्कॅन होतात तेही यामुळेच: एका गाडीत आलेला डोस सात-आठ जणांत वाटला तरच परवडतो. फोनवर विचारायचा पहिला प्रश्न म्हणून असा: ‘डोस किती वाजता येतो आणि माझा नंबर कितवा?’ शेवटच्या नंबराला डोस उतरलेला असेल तर चांगलं केंद्र स्कॅनची मिनिटं वाढवून भरपाई करतं. जे करत नाही, त्याचं चित्र दाणेदार येतं.

उरलेलं निम्मं उत्तर यंत्रात. फ्लोरिन-१८ मधून सुटलेला पॉझिट्रॉन शरीरात इलेक्ट्रॉनला भेटला की दोन्ही नाहीसे होतात आणि दोन गॅमा किरण नेमक्या उलट दिशांना सुटतात. भोवतीच्या कड्यातले स्फटिक ते एकाच क्षणी पकडतात. जुन्या यंत्राला एवढंच कळतं, की घटना या दोन स्फटिकांमधल्या रेषेवर कुठेतरी घडली. ‘टाइम ऑफ फ्लाइट’वालं यंत्र दोन्ही किरणांच्या पोचण्यातला फरकही मोजतं. फरक मोजण्याची अचूकता ५०० पिकोसेकंदांची असेल तर जागा साडेसात सेंटिमीटरच्या पट्ट्यात सापडते. २०० पिकोसेकंदांची असेल तर तीन सेंटिमीटरच्या. नव्या ‘डिजिटल’ पेटचा मोठा गुण हाच. चित्र स्वच्छ येतं, औषध थोडं कमी पुरतं, आणि वीस-पंचवीस मिनिटांचं काम दहा-बारा मिनिटांत उरकतं.

वेगाला फक्त सोय समजू नका. पाठीच्या कण्यात गाठ असलेल्या माणसाला टेबलावर पंचवीस मिनिटं सरळ निजवून बघा. तो हलणारच, आणि हलला की पेटचं चित्र सीटीवर नीट बसत नाही. जगात गोष्टी याच्याही पुढे गेल्या आहेत. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये सुमारे दोन मीटर लांबीच्या, डोक्यापासून पायापर्यंत एकदम बघणाऱ्या यंत्रातली माणसाची पहिली चित्रं दाखवली. त्यावर मिनिटभरातही स्कॅन निघू शकतो. आपल्याकडच्या नेहमीच्या यंत्राचं कडं वीतभर रुंद. त्यामुळे टेबल टप्प्याटप्प्याने सरकवत, प्रत्येक टप्प्याला दोन-तीन मिनिटं देत काम चालतं.

मग डिजिटलसाठी चार-पाच हजार जास्त मोजावेत का? माझं मत स्पष्ट आहे. वजन नव्वदीच्या पुढे असेल, सेंटिमीटरपेक्षा लहान काही शोधायचं असेल, रुग्ण लहान मूल असेल किंवा त्याला निजवत नसेल, तर मोजा. मानेत लिंबाएवढ्या गाठी दिसत असलेल्या लिम्फोमाचा पहिला स्कॅन असेल, तर तेच पैसे पुढच्या औषधांसाठी ठेवा. जाहिरातीतल्या ‘एआय’लाही भुलू नका. कमी मिनिटांत घेतलेलं चित्र संगणकाने साफ करता येतं हे खरं, पण गुळगुळीत करण्याच्या नादात बारीक ठिपका पुसला जाऊ शकतो.

याहून महत्त्वाचं: उपचार चालू असताना पुढचा स्कॅन शक्यतो त्याच यंत्रावर करा. गाठ किती साखर ओढते त्याचा ‘एसयूव्ही’ नावाचा आकडा रिपोर्टात असतो. यंत्र बदललं, इंजेक्शननंतर थांबण्याची वेळ बदलली, की तो आकडाही बदलतो. ८ चा ६ झाला तो केमोने की यंत्राने, हे मग डॉक्टरलाही सांगता येत नाही. दोन हजार वाचवायला केंद्र बदललं आणि परत स्कॅन करावा लागला, तर वीस हजार गेले.

अचूकतेचा सगळ्यात मोठा वाटा मात्र फुकट मिळतो, आणि नेमका तिथेच ढिसाळपणा होतो. सहा तास पोटात काही नको; साधं पाणी चालतं, चहा नाही. रक्तातली साखर २०० च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी परत पाठवतात आणि टॅक्सीचे पैसे बुडतात. मधुमेह असेल तर इन्सुलिन केव्हा घ्यायचं हे डॉक्टरांना आधीच विचारा. मेटफॉर्मिनने आतडी उजळतात, म्हणून ते किती आधी थांबवायचं हेही विचारा. स्वतःच्या मनाने थांबवू नका. आदल्या दिवशी जड काम नको, नाहीतर स्नायू चमकतात. इंजेक्शननंतरचा तासभर खरोखर स्वस्थ पडून राहायचं. त्या तासात गावाकडे फोन लावून बोलत बसलं तर स्वरयंत्र उजळून निघतं.

हरियाणाची थंडी हा वेगळाच विषय. थंडी वाजली की मानेतली आणि खांद्यांतली तपकिरी चरबी ऊब निर्माण करायला साखर ओढते, आणि चित्रात लसिका गाठींच्या जागीच दिवे लागतात. जानेवारीत जाताना गाडीचा हीटर चालू ठेवा, गोधडी बरोबर घ्या, आणि केंद्रातल्या एसी खोलीत ती अंगावरून काढू नका. याच दिवसांत राष्ट्रीय महामार्ग ४४ वर धुकं असं उतरतं की दोन तासांची वाट चार तासांची होते. तिकडे डोस कोणासाठी थांबत नाही. डिसेंबर-जानेवारीत सकाळची वेळ मिळाली असेल तर आदल्या रात्री दिल्लीत मुक्काम करा. लॉजचे हजार-दीड हजार वाया जात नाहीत.

वेळेचं आणखी एक गणित. केमोनंतर निदान दहा दिवस, शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे, रेडिएशननंतर साधारण तीन महिने जाऊ द्यावे लागतात. नाहीतर सूजच चमकते. पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन नुकतंच झालं असेल तर सगळी अस्थिमज्जा उजळते, म्हणून त्याची तारीख केंद्राला सांगा. आणि आपल्या देशात क्षयाच्या गाठीही कर्करोगाइतक्याच चमकतात. चमकलं म्हणजे पसरलं असं नाही. संशयाच्या जागी सुईने तुकडा काढून तपासायला डॉक्टर सांगत असतील तर तो खर्च टाळू नका.

जायचं कुठे? पानिपतच्या बाजूने दिल्लीत शिरताना रोहिणीतलं राजीव गांधी कर्करोग रुग्णालय सोयीचं. सरकारीत दिल्लीचं एम्स आहेच, शिवाय झज्जर जिल्ह्यातल्या बाढसा इथे एम्सचीच राष्ट्रीय कर्करोग संस्था. कुंडलीहून केएमपी रस्ता धरला की तिथे दिल्लीची गर्दी टाळून पोचता येतं. उत्तरेला चंडीगडचं पीजीआय. नुसत्या स्कॅनसाठी मुंबई गाठण्यात अर्थ नाही. पण उपचार परळच्या टाटामध्येच घ्यायचे ठरले असतील तर स्कॅनही तिथेच करा, म्हणजे पुढची तुलना सरळ होते. भारतातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळलाच, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं. या कामातला तिथला अनुभव जुना आहे.

मुंबईला जाणारच असाल तर रेल्वेची सवलत सोडू नका. उपचार किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण माफी, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र मात्र आधी घ्यावं लागतं. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं, पण बाहेर स्वतः पैसे भरून केलेल्या स्कॅनचं बिल तिथे मागून लावता येत नाही. म्हणून स्कॅनची तारीख घेण्याआधी योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. खासगी विम्यात नुसता स्कॅन सहसा बसत नाही. दाखल होण्याआधीच्या ३० किंवा ६० दिवसांत झालेला बसू शकतो, तेव्हा पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपा. आयकराची जुनी पद्धत घेणाऱ्यांना कलम ८०डीडीबीखाली कर्करोगाच्या खर्चावर ४०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळत आली आहे, ज्येष्ठांना एक लाखापर्यंत. तज्ज्ञ डॉक्टरची लेखी चिठ्ठी त्यालाही लागते.

निघताना काउंटरवर फक्त छापील फिल्म देतील. ती डॉक्टरला फारशी उपयोगी नसते. मूळ चित्रांची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा, आणि इंजेक्शनची वेळ, डोस, त्या वेळची साखर रिपोर्टावर लिहिली आहे का ते तिथेच बघा. दुसरं मत घ्यायचं झालं तर त्या सीडीवरून ते स्कॅनच्या तुलनेत अगदी थोड्या पैशांत मिळतं. घरी गेल्यावर त्या दिवसापुरतं लहान मुलांना आणि गरोदर बाईला जवळ घेऊ नका, पाणी भरपूर प्या, आणि सीडीची एक प्रत गावाकडच्या भावाकडे पाठवून ठेवा.