फिशिंग रॉडच्या दोऱ्यावर काचेसारखं इपॉक्सी फिनिश: वरवट बकालच्या हवेत कसं जमवायचं?

फिशिंग रॉड दुरुस्तीच्या व्हिडिओत आपण दांडीवर कड्या बसवून दोरा कसा गुंडाळायचा ते पाहिलं. आजचा धडा त्याच्या पुढचा आहे. दोऱ्यावर इपॉक्सीचा थर असा बसला पाहिजे, की बोट फिरवलं तर काच फिरवल्यासारखं वाटेल. बुडबुडा नको, खड्डा नको, चिकटपणा नको.

गिऱ्हाईक रॉड हातात घेतो तेव्हा आतला दोरा किती घट्ट आहे ते त्याला दिसत नाही. त्याला दिसतं ते फिनिश. ते चिकट राहिलं तर रॉड परत येतो, आणि परत आलेला रॉड म्हणजे फुकट केलेली मजुरी.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. चांगलं फिनिश ब्रशमधून येत नाही. ते येतं माप, हवा आणि वेळ या तीन गोष्टींमधून. इंटरनेटवर शिकवणारे बरेच जण थंड देशात, बंद खोलीत काम करतात. आपण सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात आहोत. इथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, पावसाळ्यात हवा दमट होते आणि डिसेंबरच्या रात्री चांगलीच थंडी पडते. त्यांची वेळ आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाही.

कोणतं इपॉक्सी घ्यायचं?

आपल्याकडे इपॉक्सी म्हटलं की लोक सरसकट ‘अराल्डाइट’ म्हणतात. पण वस्तू चिकटवायचं इपॉक्सी वेगळं आणि रॉडच्या दोऱ्यावर लावायचं वेगळं. पाच मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी इथे चालत नाही. ते जाड असतं, सपाट पसरायच्या आतच आवळतं आणि पुढे पिवळं पडतं. ‘रॉड फिनिश’ नावानं मिळणारं इपॉक्सी पातळ असतं, हळू घट्ट होतं आणि सुकल्यावरही थोडं लवचिक राहतं. रॉड वाकतो, तेव्हा त्यावरचा थरही वाकला पाहिजे. नाहीतर कडीच्या पायाजवळ तडा जातो.

पहिली गोष्ट: माप

रॉड फिनिशच्या दोन बाटल्या असतात, एक रेझिनची आणि एक हार्डनरची. बहुतेक फिनिशचं प्रमाण १:१ असतं, पण ते आकारमानानं, म्हणजे मिलिलिटरमध्ये. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं. म्हणून काट्यावर दोन्ही सारख्या ग्रॅमनं घेतले तर हार्डनर जास्त पडतो. काटा वापरायचाच असेल तर वजनाचं प्रमाण कंपनीनं बाटलीवर किंवा माहितीपत्रकात दिलंय का ते बघा. नसेल तर मिलिलिटरनंच मोजा.

ज्यांनी फायबरचं काम केलंय त्यांच्यासाठी खास सूचना. त्या कामातल्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनरचे थेंब वाढवले की माल लवकर आवळतो. इपॉक्सीचं तसं नाही. इथे रेझिन आणि हार्डनर एकमेकांना जोडले जातात. एक जास्त झाला तर उरलेल्याला जोडीदारच मिळत नाही आणि थर कायमचा मऊ राहतो. ‘लवकर सुकावं म्हणून थोडं जास्त घालू’ हा विचार डोक्यातून काढून टाका.

फार थोडा मालही कालवू नका. १ मिलिलिटर घेताना ०.२ ची चूक झाली तर ती २० टक्के चूक होते. ३ मिलिलिटर घेताना तीच चूक ७ टक्क्यांच्या आत राहते. म्हणून दोन्ही किमान ३-३ मिलिलिटर घ्या, उरलं तर उरू द्या.

सिरिंज दोन ठेवा आणि त्यांच्यावर मार्करनं ‘रे’ आणि ‘हा’ लिहा. मेडिकलच्या सिरिंजमध्ये आतल्या रबराला बहुधा सिलिकॉन तेल लावलेलं असतं. ते मिश्रणात उतरलं की फिनिशवर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. रबर नसलेली, पूर्ण प्लास्टिकची सिरिंज मिळाली तर उत्तम. नाहीतर मिलिलिटरच्या रेघा असलेला छोटा प्लास्टिक कप वापरा.

आता कालवणं. घड्याळ लावून किमान ३ मिनिटं, सावकाश. अंडं फेटल्यासारखं फेटू नका, हवा आत जाते. कपाच्या कडा आणि तळ खरवडत राहा, कारण न मिसळलेलं रेझिन तिथेच लपून बसतं.

दुसरी गोष्ट: हवा

एक ढोबळ नियम लक्षात ठेवा. तापमान १० अंशांनी वाढलं की इपॉक्सी साधारण दुप्पट वेगानं आवळतं. २५ अंशाला २० मिनिटं हाताळता येणारं मिश्रण ३५ अंशाला १० मिनिटं टिकतं, आणि ४५ अंशाला पाचच. भर दुपारी काम करणाऱ्याचा शेवटच्या कडीपर्यंत ब्रश ओढू लागतो, तो याचमुळे.

उन्हाळ्यात पहाटे काम करा. कालवलं की लगेच कपातून काढून अॅल्युमिनियम फॉईलवर पातळ पसरा. इपॉक्सी आवळताना स्वतःच गरम होतं. कपात साचलेल्या गोळ्यात ती उष्णता अडकते आणि माल लवकर हातचा जातो. फॉईलवर ती निघून जाते आणि बुडबुडेही फुटतात.

कूलर चालू असलेल्या खोलीत फिनिश लावू नका. कूलर गारवा देतो, पण हवेत पाणीही सोडतो. दमट हवेत हार्डनरमुळे थरावर पांढरट, मेणचट साय येते. पावसाळ्यात हीच तक्रार जास्त असते. साय आली तर थर घट्ट झाल्यावर साध्या कोमट पाण्यानं पुसा, पूर्ण कोरडं करा आणि मगच दुसरा हात द्या. त्या सायीवर दुसरा थर चढवला तर तो नीट धरत नाही.

थंडीत उलटं होतं. माल मधासारखा घट्ट होतो आणि बुडबुडे बाहेर पडत नाहीत. तेव्हा बंद बाटल्या १० मिनिटं कोमट पाण्यात उभ्या ठेवा, बाहेरून नीट पुसा आणि मग माप घ्या. मापात पाण्याचा थेंबही जाता कामा नये.

धूळ आणि कापसाचे तंतू हा आपल्या भागातला आणखी एक शत्रू. आदल्या संध्याकाळी खोली ओल्या फडक्यानं पुसा, कामाच्या वेळी पंखा बंद ठेवा. आणि डोक्याला तेल लावून कामाला बसू नका. तोच हात दोऱ्याला लागला की तिथे इपॉक्सी बाजूला सरकतं. त्याच टेबलावर गाडीच्या पॉलिशचा स्प्रेही मारू नका.

तिसरी गोष्ट: वेळ आणि फिरवणं

लावायच्या आधी दोऱ्यावरचे बारीक तंतू स्पिरिटच्या दिव्यावरून झटकन फिरवून जाळून घ्या. ज्योत टेकवायची नाही, रॉड वरून सरकवायचा. दांडी कार्बनची असेल तर जास्त जपा, एकाच जागी उष्णता लागली तर दांडी कमजोर होते. थिनर किंवा अल्कोहोलची बाटली दिव्याजवळ ठेवायची नाही. नायलॉनचा दोरा इपॉक्सी प्याल्यावर गडद दिसतो, तेव्हा गिऱ्हाइकाला रंग आधीच नमुन्यावर दाखवा.

१. पहिला हात पातळ द्या. त्याचं काम दोऱ्यात मुरणं आणि आतली हवा बाहेर काढणं एवढंच. लगेच चकाकी आणायचा मोह टाळा.

२. रॉड फिरवत ब्रश लावा. दोऱ्याच्या दोन्ही टोकांपुढे दांडीवर साधारण १ मिलिमीटर इपॉक्सी जाऊ द्या, म्हणजे कडेनं पाणी शिरत नाही.

३. ५ मिनिटांनी रॉड थांबवा. जादा माल खाली थेंबासारखा जमतो. तो कोरड्या ब्रशनं उचला, रॉड अर्धा फिरवा, पुन्हा तेच करा. हे केलं नाही तर मधे फुगवटा राहतो.

४. बुडबुडा दिसला तर दिव्याची ज्योत खालून एकदाच सरकवा. उबेनं थर पातळ होतो, बुडबुडा फुटतो. तोंडानं फुंकू नका, फुंकेत ओलावा असतो.

५. आता रॉड सतत फिरता ठेवा. मिनिटाला ६ ते १८ फेरे पुरतात. साधारण ४ ते ६ तास, म्हणजे माल वाहायचा थांबेपर्यंत.

६. दुसरा हात २४ तासांनी. त्याहून उशीर झाला किंवा कुठे दाणा राहिला तर बारीक पॉलिश पेपरनं हलकं घासा, पुसून घ्या, मग लावा. घासताना दोरा उघडा पडता कामा नये.

फिरवायला महागडं मशीन लागत नाही. १२ व्होल्टची, मिनिटाला १० फेरे देणारी छोटी गिअर मोटर घ्या आणि ती बॅटरीवर चालवा. लाईट गेली तरी काम थांबत नाही, आणि गावात हा मुद्दा फार मोठा आहे. मोटर नसेल तर पहिला तासभर दर ३-४ मिनिटांनी हातानं पाव फेरा द्या, नंतर अंतर वाढवत जा.

बिघाड आणि उपाय

थर दोन दिवसांनीही किंचित चिकट: माप किंवा कालवणं चुकलं. नीट कालवलेला दुसरा हात बहुतेक वेळा ते झाकून घेतो.

थर ओलाच राहिला: दोऱ्यासकट काढा आणि नव्यानं गुंडाळा. वरून कितीही लावलं तरी उपयोग नाही.

गोल खड्डे: तेल किंवा सिलिकॉन. हलकं घासा, तेल नसलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, दुसरा हात द्या.

नायट्रिलचे हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. इपॉक्सीची अॅलर्जी एकदा जडली की सहसा सुटत नाही, मग हा धंदाच बंद करावा लागतो. स्वयंपाकघरातलं भांडं किंवा चमचा यासाठी वापरू नका.

आता हिशोब

हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा एका रॉडच्या दुरुस्तीला ६० रुपयांचा माल आणि २ तास लागतात. तासाला १०० रुपये मजुरी धरली तर खर्च २६० रुपये. गिऱ्हाइकाकडून ३५० घेतले तर उरतात ९०.

पण पाचातला एक रॉड परत आला तर? त्याचे २६० पुन्हा तुमच्याच खिशातून जातात. ते पाच रॉडवर वाटले तर प्रत्येकी ५२. मग ९० मधले उरले ३८. म्हणजे एका बिघाडानं निम्म्याहून जास्त नफा खाल्ला. भाव वाढवण्याआधी परत येणारे रॉड कमी करा.

त्यासाठी एक वही ठेवा. तारीख, वेळ, खोलीचं तापमान, किती मिलिलिटर, किती मिनिटं कालवलं आणि दुसऱ्या दिवशी निकाल काय. वर्षभराची अशी वही म्हणजे आपल्या हवेचं तुमचं स्वतःचं पुस्तक.

बाजाराचंही खरं सांगतो. एकट्या वरवट बकालच्या गिऱ्हाइकीवर दुकान चालणार नाही. सुरुवात आसपासच्या गावांतल्या दुरुस्तीनं करा: तुटलेली कडी, सुटलेला दोरा, मोडलेलं टोक. हात बसला की शेगावहून रेल्वे किंवा कुरिअरनं बाहेरगावचं काम घ्या. गिऱ्हाइकाला हेही सांगा, की आपल्या तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथे गळ टाकायचा नाही. आणि धरणात, तलावात मासेमारीचा ठेका असतो; आधी परवानगी, मग गळ.

या आठवड्याचा गृहपाठ

गिऱ्हाइकाचा रॉड हातात घ्यायच्या आधी बांबूच्या एकेक फुटाच्या पाच काड्या घ्या. प्रत्येकीवर दोरा गुंडाळा. एकाच मापानं, पण वेगवेगळ्या वेळी फिनिश लावा: पहाटे, सकाळी १० ला, दुपारी २ ला, संध्याकाळी आणि रात्री. दोन दिवसांनी नखानं दाबून बघा, उजेडात धरून बघा. जी काडी सगळ्यात चांगली निघेल ती तुमची कामाची वेळ, आणि दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायचा पहिला नमुनाही तीच.